बंदुकीच्या काउंटरवरची बाई

नोव्हेंबरचा पहिला आठवडा आला की आमच्या मिनेसोटातल्या ईडन प्रेरीच्या गॅस स्टेशनवर माणसं नारंगी होतात. नारंगी जाकीट, नारंगी टोपी, हातात कॉफीचा बादलीएवढा पेला. हरणांच्या शिकारीचा सीझन उघडला. मका कापून झालेला असतो, शेतात नुसती खुंटं उभी, तळ्याच्या कडेला काचेसारखा पातळ बर्फ धरू लागलेला. हवेला लोखंडाचा वास येतो. खरंच येतो, हसू नका. आणि तो वास आला की मला राग येतो. साधासुधा नाही. भाजीत मीठ दोनदा पडतं, कपाटाची दारं आपटली जातात, असा.

तुम्ही म्हणाल, आजींना बिचाऱ्या हरणांची दया येते. छे हो. हरणांसाठी रडणारी मी नाही. इथली माणसं हरण मारतात, सोलतात, फ्रीजर भरून वर्षभर खातात, त्यात मला काही वावगं दिसत नाही. माझा राग हरणाच्या बाजूचा नाहीच. तो बंदुकीच्या बाजूचा आहे. कुठल्या कंपनीची बंदूक घ्यावी या एका प्रश्नावरून आमच्या घरात जे झालं, त्याचा आहे, आणि त्याला चाळीस वर्षं झाली तरी तो ताजा आहे.

चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशी साल असेल. आमचे हे तेव्हा पंप बनवणाऱ्या एका कंपनीत इंजिनियर. मी शिकलेली म्हणाल तर जेमतेम अकरावी पास, इस्लामपूरहून थेट मिनेसोटात आलेली. मुलगी मेधा शाळेत जायला लागली तशी मी इथल्या एका मोठ्या दुकानात नोकरी धरली. आधी कापडाच्या विभागात होते, यार्डानं कापड फाडायचं काम. शिवणाचा हात माझा पहिल्यापासून चांगला. माणूस समोर उभा राहिला की टेप न लावता त्याच्या खांद्याचं, बाहीचं माप मला कळतं. कपाळावर लिहिल्यासारखं दिसतं.

ऑक्टोबरात दुकानात शिकारीच्या सामानाची झुंबड उडते. एका वर्षी तिथं माणूस कमी पडला आणि मॅनेजरनं मला उचलून बंदुकीच्या काउंटरवर उभं केलं. माझं नाव नलिनी. त्याला ते जमेना, म्हणून छातीवर बिल्ला दिला ‘नेल’ असा. काउंटरवर ऑर्विल नावाचा म्हातारा होता. हात थरथरायचे, पण बंदूक हातात घेतली की थरथर बंद. त्या माणसानं मला सहा आठवड्यांत सगळं शिकवलं. नळीला तेल कसं लावायचं, गोळी आत सरकवणारा बोल्ट कसा काढायचा, कुठली गोळी किती धक्का देते. तेलाचा तो वास, नव्या पुठ्ठ्याच्या खोक्यांचा वास, ओल्या लोकरीच्या जाकिटांचा वास. अजून नाकात आहे. रात्री कॅटलॉग घरी आणून डिक्शनरी घेऊन वाचायचे मी. अकरावीला एवढा अभ्यास केला असता तर कुठल्या कुठे गेले असते.

ऑर्विल मला म्हणाला होता, लोक कंपनी विचारतात, नेल. तू कंपनी सांगू नकोस, तू माणसाला बंदूक खांद्याला लावून दाखवायला सांग. मला हे चटकन पटलं, कारण ब्लाउजचं असंच असतं. कापड कितीही भारी असो, काखेत ताणलं की बाई दिवसभर अवघडलेली. बंदुकीचा लाकडी दस्ता तसाच. तो हाताच्या लांबीला बसला पाहिजे. लांब पडला तर माणूस मान पुढे काढून कासवासारखा बघतो, दस्ता खांद्याच्या खळग्यात न बसता दंडावर जातो, आणि बार उडाला की बंदूक कुठं उसळेल सांगता येत नाही.

मोठ्या कंपन्या तीन होत्या. नावं घेत नाही, फुकटची जाहिरात कशाला. मी मनात त्यांना सासू, जाऊ आणि धाकटी म्हणायचे. सासू म्हणजे जुनी, नावाजलेली. अक्रोडाचं गुळगुळीत लाकूड, निळसर काळं पोलाद, वजनाला भक्कम, आणि तुम्ही तिच्याशी जुळवून घ्यायचं, ती तुमच्याशी घेणार नाही. जाऊ दिसायला देखणी, पण बोल्ट कुरकुरायचा. धाकटी साधी. लाकूड बर्चचं, चकाकी नाही. पण तिच्यात आखूड दस्त्याचं एक मॉडेल यायचं, हलक्या गोळीचं, आणि ते अचूक मारायचं. कंपनीनं मात्र त्याचं नाव ठेवलं होतं ‘युथ मॉडेल’. त्या एका नावामुळे पुरुष त्याला हात लावत नसत. पाच फूट चार इंचाचा मिशाळ माणूस यायचा, सहा फुटी माणसाची बंदूक घेऊन जायचा.

माझ्यासमोर येऊन कितीजण इकडंतिकडं बघायचे. “इथे कोणी माणूस आहे का, बोलायला?” माणूस म्हणजे पुरुष. मी ऑर्विलला हाक मारायचे. तो येऊन गिऱ्हाइकाला म्हणायचा, “नेलला विचारा. तिला माझ्यापेक्षा जास्त कळतं.” एवढंच, आणि परत आपल्या खुर्चीत. त्याच्याशी माझं ना नातं ना गोतं. पण ते एक वाक्य त्यानं कधी गिळलं नाही.

आता आमच्या घरात या.

यांचा बॉस डॉन. दर नोव्हेंबरात तो ऑफिसातल्या चारपाच जणांना घेऊन वर नॉर्थला त्याच्या केबिनवर शिकारीला जायचा. आणि परत आल्यावर, का कोण जाणे, त्या चारपाच जणांतलाच कोणीतरी मॅनेजर व्हायचा. हे सात वर्षं बघत होते. यांच्या हाताखाली शिकलेली पोरं पुढे गेली. त्या वर्षी डॉननं यांना बोलावलं. हे घरी आले ते बूट न काढता थेट स्वयंपाकघरात. “नलू, मला बोलावलंय.” तोंड असं उजळलेलं की मेधाच्या जन्मानंतर तसं मी पाहिलं नव्हतं. मलाही आनंद झाला, खोटं कशाला बोलू. वाटलं, आता हे मला विचारणार.

कसलं विचारतात.

यांनी तक्ता केला. ग्राफ पेपरवर. कुकर घेताना केला होता, गाडी घेताना केला होता, मेधाची शाळा निवडताना केला होता. डाव्या बाजूला तीन कंपन्या, वर रकाने: वजन, पल्ला, अचूकपणा, गंज, पुन्हा विकली तर किंमत, आणि हो, सर्व्हिस सेंटर. बंदुकीला सर्व्हिस सेंटर! प्रत्येकाला दहापैकी मार्क. रविवारी आमच्या बेसमेंटमध्ये मित्रमंडळींची सभा. चार पुरुष, चौघांत मिळून एकानंही हरणावर गोळी झाडलेली नाही. देशमुखांचे मामा चंद्रपूरकडे शिकारी होते, म्हणून देशमुख तज्ज्ञ. कुलकर्णी कॉलेजात एनसीसीत होते, आडवं पडून पाच गोळ्या मारलेल्या, म्हणून तेही तज्ज्ञ.

“पॉइंट टू-टूला धक्का काहीच नसतो हो,” कुलकर्णी म्हणाले.

“ती खेळण्यातली. इथे थर्टी-ऑट-सिक्सची मोठी गोळीच पाहिजे,” देशमुख. “मामा म्हणायचे, बंदूक घ्यावी तर खानदानी.”

“डॉनकडे तीच आहे,” हे.

“मग संपलं. बॉसची तीच घ्यायची. मार्क कशाला देताय?”

मी बटाटेवडे घेऊन खाली गेले होते. दिवसाला वीस बंदुका काढून दाखवणारी, पुसून परत ठेवणारी बाई हातात ताट घेऊन उभी, आणि हे चौघे तक्त्यावर वाकलेले. मी म्हटलं, “अहो, सासू तुम्हाला लांब पडेल.” मग जीभ चावून कंपनीचं खरं नाव घेतलं. “तुमच्या हाताला धाकटीचं आखूड मॉडेल बसेल. तक्त्यात खांद्याचा रकानाच नाहीये.”

देशमुख हसले. “वहिनी, बंदूक आहे, ब्लाउज नाही.”

आणि हे म्हणाले, अगदी प्रेमानं म्हणाले बरं का, “नलू, विकणं वेगळं आणि टेक्निकल वेगळं.”

हे वाक्य मी भिंतीवर फ्रेम करून लावायला हवं होतं. आजही टीव्ही बंद पडला, वायफाय गेलं, यांनी मला हाक मारली की माझ्या ओठावर येतं.

पण याच्यावरचा राग मी गिळला असता. नवरे असं बोलतात, आपण ऐकतो, वडे तळत राहतो. पुढचं गिळता आलं नाही.

शनिवार माझा सुट्टीचा. सकाळी हे डॉनबरोबर बाहेर पडले, बंदूक बघायला जातो म्हणाले; कुठल्या दुकानात ते बोलले नाहीत. ते गेल्यावर मला फोन आला, ऑर्विलला ताप आहे, येशील का. मेधाला शेजारी ठेवलं आणि गेले. अकराच्या सुमारास काउंटरसमोर डॉन उभा. भला थोरला, गुलाबी माणूस. आणि त्याच्या खांद्याशी आमचे हे.

मला पाहून यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी कसं सांगू. चोरी पकडली जाते ना, तसं. यांनी ऑफिसात सांगितलंच नव्हतं की बायको दुकानात काम करते. इंजिनियरची बायको काउंटरवर. आपल्या मंडळातही, जवळच्या मित्रांखेरीज कुणी विचारलं तर, “ती शिवणाचं बघते घरी,” असंच चालायचं. हे मला त्या क्षणी, त्या चेहऱ्यावरून कळलं.

डॉन कधी यांना बघतो, कधी मला. मिनेसोटात तेव्हा दोन हिंदुस्थानी माणसं एका ठिकाणी दिसणं म्हणजे नवल. हसत म्हणाला, “तुम्ही दोघं एकमेकांना ओळखता की काय?”

साधा, भोळा प्रश्न. त्यात काही वाईट नव्हतं. मी यांच्याकडे बघितलं. फक्त तीन शब्दांचं काम होतं. ही माझी बायको. इंग्रजीत तर त्याहून सोपं.

हे म्हणाले, “नो, नो. इंडिया इज अ बिग कंट्री.”

डॉनला तो विनोद फारच आवडला. काउंटरवर हात आपटून हसला.

मग काय, मी नेल झाले. विचारलं, काय दाखवू? डॉननं सासूकडे बोट दाखवलं. मी काढून दिली. यांनी खांद्याला लावली. जाकीट जाड, हात आखूड, मान पुढे, दस्ता दंडावर. जसं मी डोळ्यांसमोर पाहिलं होतं तस्संच. मी मुकाट्यानं धाकटीचं आखूड मॉडेल काढून बाजूला ठेवलं. म्हटलं, सर, ही बघा. यांचा हात पुढे झाला. खरंच झाला होता. तेवढ्यात डॉन म्हणाला, “अरे, ती पोरांची.” हात मागे गेला.

कुठल्याही दुसऱ्या गिऱ्हाइकाला मी सांगितलं असतं. सांगत असे मी, तोंडावर सांगत असे, की ही तुमच्या मापाची नाही, बंदुकीवरची दुर्बीण डोळ्यावर येईल, नाक फुटेल, मी विकणार नाही. दोन धिप्पाड माणसांना मी असं परत पाठवलं होतं. त्या दिवशी मी तोंड मिटलं.

सरकारी पिवळा फॉर्म भरून घ्यायचा, ड्रायव्हिंग लायसन्सवरचा पत्ता ताडून बघायचा, हा नियम. डॉन तोवर थर्मास बघायला पलीकडे गेला होता. मी लायसन्स हातात घेतलं आणि पत्ता मोठ्यानं वाचला. माझ्याच घराचा पत्ता. ज्या दाराशी मी सकाळी रांगोळी काढून आले होते, त्या घराचा. विचारलं, “बरोबर आहे?”

“येस, मॅम.”

खोकं पुढे सरकवलं. डॉन परत आला. जाताना हे माझ्या बिल्ल्याकडे बघून म्हणाले, “थँक यू, नेल.”

संध्याकाळी मी वाट बघितली. वरण-भात वाढला, वाट बघितली. मेधाचं होमवर्क झालं, वाट बघितली. हे म्हणाले, “चटणी आहे का?” शेवटी मीच विचारलं तर, “अगं, डॉन समोर होता. त्या वेळी काय काय सांगत बसणार?” आणि दुसऱ्या दिवसापासून बंदूक पुसण्यात गर्क.

नोव्हेंबरात गेले. चौथ्या दिवशी दुपारी परत आले ते उजव्या भुवईवर चार टाके घालून. हरीण दिसलंच नाही. केबिनमागे पुठ्ठ्यावर नेम धरून पहिलाच बार टाकला आणि दुर्बीण भुवईवर आपटली. चंद्रकोर काढावी तसा काप. पुढचे दोन दिवस यांनी केबिनवर भांडी घासली आणि बाकीच्यांना खिचडी करून घातली. माझा राग ओट्यावर ठेवून मी हळद-दूध दिलं. टाक्यांवरून बोट फिरवलं तेव्हा वाटलं, हे मी केलंय. आजही वाटतं. राग एकट्या यांच्यावरचा नाही, म्हणून तर तो म्हातारा होत नाही. मला माप माहीत होतं आणि मी ती बंदूक विकली.

गंमत पुढे आहे. त्या कापामुळे हे ऑफिसात एकदम लाडके झाले. ज्याच्या भुवईवर दुर्बीण आपटते त्याला इथे आपला माणूस मानतात म्हणे. उन्हाळ्यापर्यंत हे मॅनेजर. म्हणजे बघा, चुकीच्या बंदुकीनं अगदी बरोबर निशाणा साधला. यावर मी काय बोलायचं? घर मोठं झालं, मेधाचं कॉलेज झालं. ज्या अपमानातून सगळं आलं त्याच्यावर रागवायचीही चोरी. पण मी रागावले. घर मोठं झालं म्हणून त्या दिवसाची सावली लहान झाली नाही.

आणि हे ती गोष्ट सांगू लागले. दर दिवाळीला. नोव्हेंबरच्या आसपासच येते ना, भुवई कुणीतरी विचारतंच. डॉनचं हसणं, पुठ्ठा, रक्त, खिचडी. सगळं रंगवून सांगतात, माणसं पोट धरून हसतात. त्या गोष्टीत देशमुखांचे मामा आहेत, कुलकर्ण्यांची एनसीसी आहे, ग्राफ पेपरसुद्धा आहे. काउंटरही आहे. काउंटरच्या मागे आहे ‘एक सेल्समन’. मी करंज्या वाढत असते. चाळीस वर्षं मी त्या गोष्टीत करंज्याच वाढतेय.

परवाच्या शनिवारी फराळाला आठदहा जण होते. त्यांत सायली म्हणून एक मुलगी, पुण्याहून नुकतीच आलेली, इथं कंप्युटरचं काम करते. तिनं विचारलं, “काका, भुवईला काय झालं?”

झालं, सुरू. यांची त्र्याऐंशी उलटली, पण या गोष्टीत एक वाक्य चुकत नाही. आणि या वर्षी तर नवीन भर घातली. म्हणाले, “सेल्समन गाढव होता एक. त्यानंच ती माझ्या गळ्यात मारली.”

माझ्या हातात चकलीचा डबा होता. मी तो खाली ठेवला.

“तो गाढव मी होते,” मी म्हटलं.

आधी सगळे हसले. वाटलं, काकूंची थट्टा. मग माझा चेहरा बघून थांबले.

हे म्हणाले, “अगं, जाऊ दे. चाळीस वर्षं झाली.”

“चाळीस वर्षं तुम्ही सांगितलीत. आज मी सांगते. बसा.”

आणि मी सांगितली. पहिल्यापासून. कापडाचा विभाग, ऑर्विल, सासू-जाऊ-धाकटी, विकणं वेगळं आणि टेक्निकल वेगळं, बिग कंट्री. आवाज चढला होता माझा, कबूल करते. मेधा दारात उभी राहून ऐकत होती. “आई, यू नेव्हर टोल्ड मी,” म्हणाली. मी म्हटलं, तुझ्या बाबांनी सांगायची वाट बघत होते. मी गप्प राहून विकली, तेही सांगितलं. ते लपवलं असतं तर माझी गोष्ट यांच्या गोष्टीसारखीच झाली असती.

सायलीनं अगदी हळू विचारलं, “काका, तुम्ही खरंच ओळख दिली नाहीत?”

यांनी हातातल्या बशीतली चकली मोडून तिचे तुकडे केले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, “पावती देताना हिनं कागद धरून ठेवला होता. सोडेना. मला वाटलं, आता ही बोलेल. बोलली असती तर मी...”

“माझ्यावर ढकलू नका,” मी म्हटलं.

“नाही ढकलत.” बशी खाली ठेवली. मान वर केली, आणि माझ्याकडे नाही, त्या पोरीकडे बघून, खणखणीत म्हणाले, “नाही दिली ओळख. समोर बायको उभी होती आणि मी नाही म्हटलं. लाज वाटली मला तिच्या कामाची.”

बाहेर रस्त्यावरून एक ट्रक गेला, मागे बांधलेल्या हरणाचे पाय ताठ, आकाशाकडे.

मला वाटलं होतं, हे ऐकलं की राग उतरेल. कुठला उतरतोय. उलट आणखी भडकला, की हे दोन ओळींचं काम होतं, माणसाला चाळीस वर्षं लागतात? मी आत गेले, चहा टाकला, आलं असं ठेचलं की खलबत्ता मोडायचा बाकी. हे मागून आले. दारात उभे. म्हणाले, “नलू, काही मदत करू?”

“कप काढा,” मी म्हटलं. “आणि त्या पोरीला पुन्हा जाऊन सांगा. आता माझ्या नावासकट सांगा.”

ते गेले. मी गॅस बारीक केला, कारण आधण उकळतं तेव्हा बाहेरचं नीट ऐकू येत नाही.